रिमझिमीत लोको जागेवर चाकं फिरवतो, धो-धो पावसात मात्र ओढतो : असं का?

तापीकाठ
मृगाच्या पहिल्या सरी आल्या की भुसावळ-जळगाव-चाळीसगाव पट्ट्यात हे हमखास दिसतं. कोळशाची भरलेली रेक, म्हणजे मालगाडीचे जोडलेले डबे, सिग्नलवरून सुटायला लागते आणि पुढच्या लोकोची (इंजिनाची) चाकं जागच्या जागी गरगरतात. आवाज चढतो, उतरतो, पकडीसाठी रुळावर वाळू पडते, पुन्हा प्रयत्न होतो. तासभर मुसळधार झाली की तेवढाच लोड मुकाट्याने उचलला जातो. रूळ तर दोन्ही वेळी ओलेच. मग फरक कशाचा?

आणखी एक. वॅग-१२बी हा मालगाडीचा विजेचा लोको बारा हजार हॉर्सपॉवरचा आहे म्हणून तो स्लिप होत नाही (चाकं घसरत नाहीत), असं बरेच जण सांगतात. हे कितपत खरं? आकड्यांसकट लिहा, मोघम नको.

नॉच_बाय_नॉच
दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो चुकला की पुढचं सगळंच चुकतं.

गाडी सुटताना हॉर्सपॉवरचा संबंध जवळजवळ नसतो. ओढ किती लागू होणार हे दोनच गोष्टी ठरवतात : चाकांवरचं वजन आणि रुळाची पकड. कोरड्या स्वच्छ रुळावर पकड वजनाच्या ३० ते ३५ टक्के मिळते. आता लोको किती मागतात ते बघा. वॅग-७ चं वजन १२३ टन आणि सुरुवातीची ओढ ४१ टन, म्हणजे मागणी ३३ टक्के. वॅग-९एच १३२ टनांचा, ओढ ५१० किलोन्यूटन म्हणजे ५२ टन, मागणी ३९ टक्के. वॅग-१२बी दोन भाग मिळून १८० टन, ओढ ७०६ किलोन्यूटन, ७२ टन. मागणी ४० टक्के.

म्हणजे बारा हजारवाला उलट रुळाकडे जास्तच मागतो. त्याला ते पचतं याचं कारण मोटरचं नियंत्रण, ताकद नव्हे. रूळ २० टक्केच देत असेल तर १८० टनांवर ३६ टन मिळणार. हॉर्सपॉवर बारा हजार असो की वीस हजार.

वॅप-७ आणि १२३ टनी वॅग-९ शेजारी ठेवून बघा. वजन तेच, मोटरी त्याच घराण्यातल्या. वॅग-९ चा गिअर (दात्यांचं प्रमाण) ७७:१५, वॅप-७ चा ७२:२०. त्यामुळे वॅप-७ ची सुरुवातीची ओढ ३३ टनांवर थांबते, मागणी २७ टक्के. म्हणून तो सुटताना कमी घसरतो. त्याच्या मागे पॅसेंजर डबे असतात हे आणखी वेगळं.

केळीपट्टा
रिमझिमीचं मी लिहितो.

चाक आणि रूळ यांचा स्पर्श अंगठ्याच्या नखाएवढा असतो. बारा चाकांचे ठसे एकत्र केले तर काड्यापेटीची वरची बाजू जेमतेम भरेल, आणि एकेका ठशावर १० टनांहून जास्त भार. एवढ्या दाबाखाली स्वच्छ पाणी टिकत नाही, बाजूला फेकलं जातं. नुसत्या पाण्याने पकड कमी होते, पण जात नाही. धुऊन निघालेल्या ओल्या रुळावर १८ ते २५ टक्के मिळते.

पकड घालवतो तो लेप. उन्हाळाभर रुळाच्या माथ्यावर गंजाची बारीक पूड, ब्रेक ब्लॉकची भुकटी, कोळशाची धूळ, तेलाचे थेंब आणि आपली काळी माती साचते. कोरडं असेपर्यंत फारसं बिघडत नाही. त्यात चार थेंब पडले की पिठात थोडंच पाणी घालावं तसा चिकट लगदा होतो, आणि तो दाबाखाली सहज निघून जात नाही. पकड १० ते १५ टक्क्यांवर येते. मुसळधार पाऊस हा लगदा वाहून नेतो, म्हणून धो-धो पावसात रूळ ओला असूनही भला. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं दव पडतं तेव्हाही हाच प्रकार. दव लगदा करण्यापुरतं पडतं, धुण्यापुरतं पडत नाही.

सावदा-रावेर बाजूच्या फाटकांवर तर वेगळाच ताप. केळीचे ट्रॅक्टर शेतातून निघाले की टायरला चिकटलेली काळी माती थेट रुळावर. ही माती पाणी पिऊन फुगते आणि साबणासारखी होते. फाटकाच्या दोन्ही अंगांना वीस-तीस मीटर रुळाचा माथा काळपट दिसला तर कारण शोधायला लांब जाऊ नये.

गिरणाकाठ
आणि झाडांची पानं? विलायतेत पानांमुळे गाड्या उशिरा धावतात म्हणे.

केळीपट्टा
तिकडे रुंद पानांची झाडं, सगळी पानगळ एकाच महिन्यात, वर ओल. चाकाखाली पान चिरडलं की टणक काळा थर बसतो आणि पकड ५ टक्क्यांपर्यंत खाली येते. आपल्याकडे रुळाच्या कडेला कडुनिंब आणि बाभूळ. बारीक पाला, तोही कोरड्या दिवसांत गळतो. खानदेशात हे कारण फार खाली येतं.

गिरणाकाठ
बरोबर शे आबा. पण ग्रीसचा मुद्दा राहिला. वळणावर चाकाची कड आणि रुळाची आतली बाजू झिजू नये म्हणून ग्रीस देणारी यंत्रं बसवतात. ग्रीस आतल्या बाजूला लागायचं असतं, माथ्यावर नाही. पंप जास्त सोडला, किंवा ग्रीस सोडणारी पट्टी थोडी वर सरकली, की चाकं तेच ग्रीस माथ्यावर ओढत नेतात. वळण संपून सरळ रूळ लागल्यावरही शेकडो मीटर चकाकी दिसते. ते पावसाने जात नाही, उलट पाण्यासोबत जास्त वाईट वागतं. एकाच वळणानंतर रोज स्लिप होत असेल तर लोको तपासण्याआधी पंप तपासा.

स्टेशनातून सुटताना लागणाऱ्या स्टार्टर सिग्नलच्या खालची जागासुद्धा अशीच. लोको रोज त्याच दहा मीटरांत उभे राहतात, गिअरकेसचं तेल तिथेच ठिबकतं, आणि नेमकी तिथूनच जास्तीत जास्त ओढ द्यायची असते.

सातपुडा_मेल
लोडचं गणित कुणी मांडलं नाही अजून. मांडतो.

५८ बॉक्सएन (कोळशाच्या उघड्या वॅगन), प्रत्येकी भरलेलं वजन ८१.२८ टन. झाले ४,७१४ टन. वॅग-७ धरून ४,८३७. सपाटीवर सुटताना विरोध टनामागे साधारण ४ किलो धरतात. ४,८३७ × ४ = १९.३ टन ओढ लागते. ती १२३ टनांच्या लोकोकडून काढायची तर १५.७ टक्के पकड हवी. कोरड्यावर हा पोरखेळ. पण केळीपट्टाने लिहिलेल्या लगद्यावर १० ते १५ टक्केच मिळते. म्हणजे चढ नसतानाही चाकं फिरणारच. पायलटचा (चालकाचा) दोष नाही, लोकोचाही नाही.

आता चढ १:२०० (२०० मीटरला १ मीटर) घ्या. टनामागे ५ किलो आणखी. ४,८३७ × ९ = ४३.५ टन. वॅग-७ ची कमाल ४१ टन. कोरड्या रुळावरसुद्धा एकट्याने उचलणं शक्य नाही. म्हणून एवढ्या लोडला दोन लोको जोडतात, किंवा चढावर थांबवायची वेळ येऊ नये असा सिग्नल मिळवतात. कसारा-इगतपुरीच्या १:३७ वर टनामागे २७ किलो नुसता चढच मागतो, तिथे मागून ढकलणारा लोको, म्हणजे बँकर, लागणारच. खानदेश त्या मानाने नशीबवान.

आणि एक लपलेलं कारण, जे पाचात एकदा तरी असतंच असं माझं ठाम मत आहे : ब्रेक पूर्ण सुटलेले नसतात. ब्रेक पाईप लोकोत ५ किलो हवेचा दाब दाखवतो म्हणजे ५८ व्या वॅगनलाही तेवढा झाला असं नाही. एअर फ्लो इंडिकेटरचा (पाईपमध्ये किती हवा जातेय ते दाखवणारा) काटा खाली येऊन स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं. दोन-चार वॅगनचे ब्लॉक घासत असले, किंवा यार्डात कुणी हँडब्रेक सोडायचा विसरला, तर टनामागे ४ किलोचं गणित कोसळतं. चाकं लोकोची फिरतात, दोष मागे चाळिसाव्या वॅगनमध्ये असतो.

तापीकाठ
काय सांगस भो! आम्ही लोकोलाच शिव्या देत होतो. पण सगळी चाकं एकदम का फिरत नाहीत? बहुतेक वेळा पुढचंच एखादं फिरतं.

नॉच_बाय_नॉच
दोन कारणं. पहिलं, पुढचं चाक घाणेरड्या रुळावर आधी चढतं. लगद्याचा थर ते थोडा चिरडतं, मागच्या चाकांना त्यातल्या त्यात बरा रूळ मिळतो. सहावा, म्हणजे सगळ्यात मागचा, अक्ष (चाकजोडी) सगळ्यात सुखी.

दुसरं कारण वजनाची पळवापळव. ओढ रुळाच्या पातळीवर लागते, पण लोड कपलरला लटकलेला असतो, आणि कपलर रुळापासून साधारण १.१ मीटर वर. ४०० किलोन्यूटन ओढली तर ४४० किलोन्यूटन-मीटरचा मुरडा बसतो, लोकोचं नाक वर उचलायला बघतो. दोन बोगींच्या (तीन-तीन अक्षांची चौकट म्हणजे बोगी) मध्यांमधलं अंतर १२ मीटर धरलं तर पुढच्या बोगीवरचं जवळपास ३.७ टन वजन मागच्या बोगीवर जातं. अक्षामागे सव्वा टन. बोगीच्या आत पुन्हा पहिल्या आणि तिसऱ्या अक्षात हीच फिरवाफिरव, ती वेगळी. २०.५ टनांचा पहिला अक्ष प्रत्यक्षात १८-१९ वर आलेला असतो आणि त्याच्या मोटरकडून मात्र पूर्ण ओढ मागितली जाते.

म्हणूनच बोगीची रचना महत्त्वाची. वॅग-५ च्या ट्रायमाउंट बोगीत तिन्ही मोटरींची तोंडं एका बाजूला नव्हती, त्यामुळे अक्षांवरचा भार जास्त विस्कटायचा. वॅग-७ ला हाय-अॅडहिजन बोगी आली, मोटरी एकाच दिशेने बसवल्या. वॅग-९ मध्ये ओढ घेणारा दांडा खूप खाली जोडला, मुरडाच कमी केला. जुन्या डेस्कवरचा झेडक्यूडब्ल्यूसी स्विच ह्याच पळवापळवीवर तोड म्हणून दिलेला आहे. लोड उचलतानाच्या पहिल्या नॉचांपुरताच (नॉच म्हणजे ताकद वाढवायच्या पायऱ्या) त्याचा उपयोग.

लेथ_नंबर_दोन
चाकाच्या व्यासाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी.

नवं चाक १०९२ मिमी, झिजून टाकायचं १०१६ ला. एकाच लोकोत चाकं थोडी लहान-मोठी असतात. गाडीचा वेग सगळ्यांना एकच, म्हणून मोठ्या चाकाची मोटर सावकाश फिरते. डीसी सिरीज मोटर सावकाश फिरली की मोटरमध्येच तयार होणारा विरुद्ध विद्युतदाब कमी, करंट जास्त, ओढ जास्त. तेच चाक आधी सुटतं.

थ्री-फेज मोटरच्या लोकोंना (वॅग-९ वगैरे) हे जास्त झोंबतं. जुन्या जीटीओ (जुन्या पद्धतीच्या वीज-स्विचच्या) वॅग-९ मध्ये एका बोगीच्या तीन मोटरी एकाच इन्व्हर्टरवर (मोटरला हवी तशी वीज बनवून देणारं यंत्र) समांतर. पूर्ण ओढीला या इंडक्शन मोटरची स्लिप (चाकाची नव्हे, मोटर विजेच्या फिरत्या क्षेत्रामागे जेवढी मागे राहते ती) सुमारे १ टक्का. आता व्यासात ५ मिमी फरक घ्या, १०९२ वर तो ०.४६ टक्के झाला. म्हणजे ओढीच्या वाटणीत जवळपास निम्म्याचा फरक! एक मोटर पिळून निघते, दुसरी टिवल्याबावल्या करते. प्रत्येक अक्षाला वेगळा इन्व्हर्टर असलेल्या आयजीबीटी (नव्या वीज-स्विचच्या) लोकोत हा त्रास संपतो. बाकीच्यांत मात्र एक चाकजोडी बदलली की उरलेल्या दोन जोड्यांचा व्यास मोजल्याशिवाय बोगी बंद करू नये.

सातपुडा_मेल
पण थ्री-फेज मोटर मुळात पळत नाही ना? मग स्लिपची एवढी चर्चा कशाला?

नॉच_बाय_नॉच
अर्धं बरोबर. सिरीज मोटरचा वेग वाढला तरी ओढ हळूहळू उतरते, त्यामुळे सुटलेलं चाक सुटतच जातं. दोन मोटरी सिरीजमध्ये जोडल्या असतील तर फिरणारी मोटर जास्त व्होल्टेज स्वतःकडे ओढते आणि आणखी पळते. इंडक्शन मोटर ठरलेल्या वेगापुढे जाऊ लागली की तिची ओढ झपकन शून्यावर येते, म्हणून ती फार पळू शकत नाही. पण तिन्ही एकत्र घसरल्या आणि कंट्रोलने तोच खरा वेग समजला, तर इन्व्हर्टर त्यांच्याच मागे धावतो.

मुळात थोडं घसरणं हवंच असतं. चाक १०० मीटरचे फेरे घेतं तेव्हा गाडी ९८-९९ मीटर जाते, त्याशिवाय ओढच तयार होत नाही. कोरड्या रुळावर सगळ्यात जास्त पकड १ ते ३ टक्के घसरणीला मिळते, घाणेरड्या रुळावर त्याहून जास्त घसरणीला, कारण घासताना चाक रूळ साफ करतं. नव्या लोकोंचं कंट्रोल ह्याच टोकावर चाकाला धरून ठेवतं. बारा हजारवाल्याचं गुपित हेच.

वॅग-७ वाल्यांनी एक गोष्ट डोक्यात ठेवावी. तिथे क्यूडी रिले मोटरींच्या करंटमधला फरक बघतो. फरक वाढला की एलएसपी दिवा लागतो, नॉच आपोआप उतरतात, वाळू पडते. पण सगळी चाकं एकसारखी सुटली तर फरकच पडत नाही आणि दिवा गप्प! तेव्हा अँपिअरचे सगळे काटे एकदम पडलेले आणि स्पीडोमीटर उगाच चढलेला दिसतो. दिव्याच्या भरवशावर राहू नये.

केळीपट्टा
उलटही होतं. कोरडा रूळ, हलका लोड आणि तरी एकाच अक्षाची स्लिप दाखवत राहते. तेव्हा रुळाला दोष देऊ नका. वॅग-७ मध्ये एखादी मोटर ओपन असेल तर करंटमध्ये फरक पडून दिवा लागतो. वॅग-९ मध्ये स्पीड सेन्सर किंवा त्याची केबल. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे अक्षच जाम : बेअरिंग बसलं किंवा पिनियन (मोटरचं लहान गिअर) अडकलं. खाली माणूस उभा करून लोको पावलाच्या वेगाने हलवावा आणि बाराही चाकं फिरतात का ते डोळ्यांनी बघावं. एक जरी घासत असेल तर मोटर आयसोलेट करून पुढे जाणं हा उपाय नव्हे. आयसोलेट केल्याने वीज थांबते, जाम झालेला अक्ष सुटत नाही.

वाळूपेटी
आता वाळू. हा विषय सगळ्यांना क्षुल्लक वाटतो आणि निम्म्या तक्रारी इथेच असतात.

वाळू कशी हवी? कोरडी, धुतलेली, चाळलेली, गारगोटीची. दाणा साधारण अर्धा ते दीड मिमी. बारीक असली तर वाऱ्याने उडते, जाड असली तर रुळावरून घरंगळते. मुठीत दाबून सोडल्यावर गोळा राहिला तर ओल आहे, परत भट्टीवर पाठवा. काचेच्या ग्लासात पाण्यासोबत हलवा, पाणी गढूळ झालं तर माती आहे. माती असलेली वाळू टाकणं म्हणजे लगद्यात भर. गिरणेची वाळू चालेल का असं नेहमी विचारतात. गिरणा पूर्ण काळ्या खडकाच्या प्रदेशातून वाहते, तिच्या वाळूत गारगोटी कमी. बांधकामाला उत्तम, चाकाखाली लवकर पीठ होतं.

नळीचं तोंड कुठे? चाक आणि रूळ जिथे भेटतात त्या कोपऱ्यावर रोखलेलं, रुळाच्या मधोमध. लेथवर चाक घासून लहान झालं की लोको खाली बसतो. १०९२ चं १०१६ होईपर्यंत बोगी ३८ मिमी खाली येते, तिच्यासोबत नळीही. दर वेळी नळी परत वर घेतली नाही तर ती एखाद्या क्रॉसिंगवर आपटून वाकते, आणि मग वाळू गिट्टीवर. पेडल दाबलं, हवेचा आवाज आला, पायलटला वाटतं वाळू पडली. खाली उतरून दोन्ही बाजूंना ढीग पडतो का बघितल्याशिवाय सँडर (वाळू टाकणारं यंत्र) चालू आहे असं लिहू नये. वाळू ज्या दिशेला जायचं तिकडच्याच नळ्यांतून येते, म्हणून दोन्ही कॅबमधून तपासायची.

कधी टाकायची? चाक सुटायच्या आधी. फिरत्या चाकाखाली वाळू टाकली की ते एकदम पकडतं, झटका पिनियन, गिअर आणि अक्षावर जातो. आधी नॉच कमी, चाक शांत, मग वाळू, मग पुन्हा नॉच. सतत पेडलवर पाय ठेवू नका. वाळूचा जाड थर चाक आणि रूळ यांच्यातली वीज तोडतो, ट्रॅक सर्किटला (रुळातल्या विजेने गाडी ओळखणाऱ्या यंत्रणेला) गाडी दिसेनाशी होऊ शकते. पॉइंटवर (रूळ बदलायच्या जागी) वाळू नकोच, सरकपट्ट्या अडकतात.

गँग_मैल
रुळाच्या बाजूनेही कुणीतरी बोलावं. जागेवर फिरणारं चाक काही सेकंदांत रुळाचा माथा तांबडा करतं. चाक पुढे सरकलं की बाजूचं थंड पोलाद ती उष्णता झटकन शोषून घेतं, आणि तिथे काचेसारखा कडक, ठिसूळ थर राहतो. त्यातून बारीक चिरा खाली उतरतात. वरून पाहिलं तर दोन्ही रुळांवर समोरासमोर निळसर खोलगट डाग. पुढे प्रत्येक चाक त्या खळग्यात आदळतं, खालची गिट्टी बसते, खळगा वाढतो. काळ्या मातीच्या भरावावर तर पावसाळ्यात खालून चिखलच वर येतो. अल्ट्रासोनिकवाल्याला (ध्वनिलहरींनी रुळातली चीर शोधणाऱ्याला) अशी जागा आधीच कळवलेली बरी, कारण वरच्या जळक्या थरामुळे खालची चीर कधी कधी झाकली जाते.

मोटरचं काय होतं तेही मोजा. वॅग-७ चा गिअर ६५:१६. चाक जागेवर ताशी १०० किमीच्या वेगाने फिरलं तर मोटर मिनिटाला १,९७० च्या आसपास फेरे घेते, आणि गाडी मात्र उभी. त्यात अचानक पकड आली तर आर्मेचरची (मोटरच्या फिरत्या भागाची) बँडिंग, ब्रश, पिनियन, जे कच्चं असेल ते आधी जातं.

तापीकाठ
मग रिमझिम चालू आहे, १:२०० वर स्टेशनबाहेरच्या होम सिग्नलला रेक उभी आहे, दोन वॅग-७ पुढे आहेत. क्रम काय?

नॉच_बाय_नॉच
दोन लोकोत मिळून २४६ टन. रेक धरून ४,९६० टनांना ९ किलोने ४४.६ टन लागतात, म्हणजे १८ टक्के. लगद्यावर ते मिळत नाही, वाळू पडली तर मिळतं. म्हणून : ब्रेक सोडा, एअर फ्लोचा काटा बसेपर्यंत लोकोचा ब्रेक धरून ठेवा. पहिले एक-दोन नॉच देऊन लोको ब्रेक हळू सोडा, कपलर ताणले जाऊ द्या. नॉच वाढवायच्या आधी दोन सेकंद वाळू. करंट चढतोय आणि गाडी हलत नाहीये, तर पुढचा नॉच देऊ नका, तीस सेकंदांत हललीच पाहिजे. दिवा लागला तर दोन-तीन नॉच खाली, वाळू, परत. तीनदा जमलं नाही तर चौथ्यांदा करू नका. कंट्रोलला कळवा आणि मागे गार्डाकडून ब्रेक बाइंडिंग (कुठे ब्रेक अडकलेत का) बघून घ्या. रूळ जाळण्यापेक्षा वीस मिनिटांचा उशीर स्वस्त.

वाळूपेटी
आणि शेडमधून निघताना वाळूपेटीचं झाकण लावलंय का ते बघा. सगळं गणित बरोबर असतं आणि पेटीत रात्रीचा पाऊस साठलेला असतो.